टार्टनमध्ये भगवा किती घालायचा?

टार्टनमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या चौकड्यांच्या लोकरी कापडात, भगवा किती घालायचा असं तुम्ही विचारलंत, म्हणून जरा सविस्तरच लिहिते. मी स्कॉटलंडच्या दक्षिणेला, बॉर्डर्स भागात, लोकरीच्या कापडाचं डिझाइन करते. इथल्या मराठी घरांतून मला हमखास विचारलं जातं, "ताई, आपलं स्वतःचं टार्टन करता येईल का? आणि त्यात भगवा घालता येईल ना?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. येतं. 'अमुक कुळाचं तमुक टार्टन' ही गोष्ट फार प्राचीन असेल असं आपल्याला वाटतं, पण ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकात पक्की झाली. १७४६च्या कायद्याने हायलंडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना टार्टनचा पारंपरिक पोशाख घालायला बंदी केली, ती १७८२मध्ये उठली. बॅनॉकबर्न गावच्या विल्सन या कापड विणणाऱ्या कंपनीने नमुने जमवले, नवे तयार केले आणि विकले. त्यांतल्या कित्येकांना कुळाचं नाव नव्हतं, नुसता नंबर होता. १८२२मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, त्या सोहळ्याची आखणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने केली आणि मग प्रत्येक घराण्याला आपलं टार्टन हवंसं झालं. म्हणजे नवं टार्टन करणं हा परंपरेचा भंग नाही, ती इथली चालू रीतच आहे. कॅनडाच्या प्रांतांची टार्टनं आहेत, स्कॉटलंडच्या शीख समाजाचं 'सिंग' टार्टन आहे. आपलं असायला कुणाची हरकत नाही.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र 'हो' म्हणून भागत नाही. भगवा घालता येतो, पण कापडावर तो भगवा राहील का, हे तो कुणाला छेदतो यावर ठरतं.

टार्टन कसं विणतात ते आधी सांगते. ताण्यात (उभ्या धाग्यांत) रंगांचा जो क्रम, धाग्यांची जी संख्या, तीच बाण्यात (आडव्या धाग्यांत). या एका पूर्ण क्रमाला इथे 'सेट' म्हणतात. विणीत प्रत्येक धागा दोन धाग्यांवरून आणि दोन धाग्यांखालून जातो आणि दर ओळीला एक घर सरकतो, म्हणून कापडावर बारीक तिरक्या रेघा दिसतात. लाल ताण्यावर लाल बाणा आला की तिथे शुद्ध लाल. लाल ताण्यावर काळा बाणा आला की निम्मा लाल, निम्मा काळा, आणि दोन पावलं मागे गेलात की डोळ्याला तिथे तिसराच रंग दिसतो. दोन रंग घेतले तर कापडावर तीन छटा होतात, चार घेतले तर दहा, सहा घेतले तर एकवीस. सहा रंग निवडणारा माणूस खरं तर एकवीस रंग निवडत असतो आणि त्यांतले पंधरा त्याने अजून पाहिलेलेही नसतात.

धूपछाव पैठणी हातात घेतली असेल तर यातलं निम्मं तुम्हाला माहीत आहे. तिथेही ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. पण रेशीम चमकतं, पदर हलला की एकदा हा रंग वर येतो, एकदा तो. लोकर तसं करत नाही. तिच्यात दोन रंगांचं मिश्रण शांतपणे तिसरा रंग होऊन बसतं आणि तिथून हलत नाही. म्हणून ते मिश्रण वाईट निघालं तर सुटका नाही.

आणि ही मिश्रणं रंगपेटीतल्यासारखी होत नाहीत. पाण्याच्या रंगात निळा आणि पिवळा कालवला की हिरवा मिळतो. धाग्यांत मात्र डोळा दोन रंगांची सरासरी काढतो, म्हणून निळ्या-पिवळ्यातून मळकट राखाडीकडे झुकणारं काहीतरी मिळतं. लाल आणि हिरवा एकमेकांना मारून तपकिरी होतात. निळा आणि हिरवा एकमेकांत छान मिसळतात. 'ब्लॅक वॉच' या प्रसिद्ध सैनिकी टार्टनमध्ये निळा, हिरवा आणि काळा एवढेच रंग आहेत आणि त्याची सगळी खोली त्या मिसळण्यातून येते.

आता भगवा. काळ्याशी त्याचा गडद गंजासारखा रंग होतो, फार सुंदर. किरमिजीशी विटकरी होतो, तोही चालतो. पांढऱ्याशी फिका, पेढ्याच्या जवळ जाणारा. हिरव्याशी मातकट. गडद निळ्याशी मरगळलेला तपकिरी. हे कळलं की 'भगवा, हिरवा, निळा, पांढरा, हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल सगळं घ्या' या आग्रहाला मी एवढ्या ठामपणे नाही का म्हणते, ते ध्यानात येईल. प्रत्येक रंगामागचं कारण आदराचं आहे, मला ते कळतं. पण सहाही रंग रुंद पट्ट्यांनी आले तर अंगावर येतो तो चिखल, आणि त्यात भगवा शोधावा लागतो. रॉब रॉय मॅकग्रेगर टार्टन फक्त लाल आणि काळ्या चौकड्यांचं आहे, दोन्ही रंग सारखे रुंद. ते रस्त्याच्या पलीकडून ओळखता येतं.

शेजाराचाही विचार करावा लागतो. पॅरिसच्या गोबलॅं कारखान्यात विणकरांची तक्रार होती की काळ्या सुताला पुरेसा काळेपणा नाही. शेव्हरल नावाच्या रसायनतज्ज्ञाने तपासलं तेव्हा सुताचा रंग उत्तम निघाला. शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे काळा फिका भासत होता. शेजारच्या रंगामुळे रंग वेगळा भासतो, हा नियम त्याने १८३९मध्ये नीट मांडून प्रसिद्ध केला. टार्टन करणारे याचाच उपयोग करतात. उजळ रंगाची बारीक रेघ उठून दिसावी म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना काळ्याची राखण घालतात. भगव्याला ही राखण हवीच. आणि रेघ दोन धाग्यांची ठेवू नये, या विणीत ती तुटक दिसते. चार किंवा सहा धागे घ्यावेत.

अर्थ हवाच असेल तर तो रंगाला जरूर द्या, पण कापडाला झेपेल असा. कॅनडाचं मेपल लीफ टार्टन मला या बाबतीत फार आवडतं. १९६४मध्ये केलेल्या या नमुन्यात उन्हाळ्यातल्या पानाचा हिरवा, लवकरच्या पानगळीचा सोनेरी, पहिल्या हिमाचा लाल आणि गळलेल्या पानाचा तपकिरी आहे. एकाच पानाचे चार रंग असल्यामुळे त्यांच्यातले मधले रंगही पानाचेच वाटतात, लाल-हिरव्यातून येणारा तपकिरीसुद्धा. राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याने, प्रिन्स अल्बर्टने, १८५३मध्ये केलेल्या, बाल्मोरल या राजवाड्याच्या नावाच्या टार्टनची जमीन (म्हणजे कापडाचा मुख्य रंग) राखाडी आहे, त्या भागातल्या ग्रॅनाइटची आठवण देणारी. (ते राजघराण्यापुरतं राखीव आहे, तेव्हा कुणी विकायला आणलं तरी घेऊ नका.) हल्लीचं एक टार्टन चेटकीण ठरवून मारलेल्या बायकांच्या स्मरणार्थ केलंय. स्कॉटलंडमध्ये १५६३ ते १७३६ चेटकाविरुद्धचा कायदा होता. या टार्टनमध्ये काळा आणि राखेचा करडा मुख्य आहेत, रक्ताचा लाल आणि कायद्याच्या कागदांना बांधायच्या फितीचा गुलाबी. शोकाचं कापड आहे ते, आणि न सांगताही तसं दिसतं.

मग आपलं कसं करावं? मला विचाराल तर जमीन सह्याद्रीच्या काळ्या दगडाची, म्हणजे गडद करडी. जोडीला पावसाळ्यातल्या डोंगराचा गडद हिरवा. त्यांच्यामध्ये काळा. आणि भगवा फक्त एका रेघेत. धाग्यांत सांगायचं तर करडा ७२, काळा ४, हिरवा ४०, काळा १२, भगवा ६, आणि तिथून उलट्या क्रमाने परत करड्याकडे. पूर्ण आवर्तन १९० धाग्यांचं. मध्यम जाडीच्या सुतात ते पाच इंचांच्या आसपास येतं, किल्टच्या, म्हणजे इथल्या पुरुषांच्या चुणीदार घागऱ्याच्या, चुण्यांना चांगलं बसतं. टायसाठी हेच आकडे त्याच प्रमाणात कमी करायचे.

"एवढाच भगवा?" हे इथे ऐकू येतंच. १९०मध्ये सहा धागे, आणि शुद्ध भगवा तर फक्त त्या चिमुकल्या चौकोनात, जिथे उभी आणि आडवी भगवी रेघ एकमेकींना छेदतात. क्षेत्रफळाने हजारात एक भाग. बाकी रेघभर तो काळ्यावर गंजाचा, करड्यावर तांबूस, हिरव्यावर मातीचा. पण हिरव्या डोंगरावरची लाल माती आपल्याला परकी थोडीच आहे? आणि तो एक चौकोन गडद कापडावर असा पेटतो की नजर आधी तिथेच जाते. भगव्याची रुंद जमीन केलीत तर किल्टच्या आठ वार कापडात तो एवढा पसरेल की त्याच्याकडे कुणी पाहणारच नाही. लुईस बेटावरच्या मॅक्लाउड घराण्याचं पिवळंधमक टार्टन बघा. त्याला 'लाउड (भडक) मॅक्लाउड' म्हणतात, आणि ते पेलायला फार मोठा आत्मविश्वास लागतो.

माझा भर रंगाच्या नावावर नसून प्रमाणावर आहे, त्याला आणखी एक कारण आहे. एकाच टार्टनचं कापड गिरण्या वेगवेगळ्या छटांत विणतात: 'मॉडर्न' म्हणजे गडद, 'एन्शंट' म्हणजे जुन्या वनस्पतिरंगांसारखं फिकं, 'वेदर्ड' म्हणजे ऊन-पाऊस खाल्लेलं. तुमचा भगवा उद्या कुणी केशरी विणेल, कुणी विटकरी. टिकतो तो क्रम आणि धाग्यांची संख्या. स्काय बेटावरच्या मार्टिन मार्टिनने १७०३मध्ये लिहून ठेवलंय की तिथल्या बायका प्रत्येक पट्ट्याचे धागे लाकडाच्या तुकड्यावर नोंदवून ठेवत आणि त्यावरून नमुना हुबेहूब विणत. आज तेच काम एडिंबराची टार्टनांची सरकारी नोंदवही करते. २००८च्या कायद्याने ती स्थापन झाली आणि २००९पासून सुरू आहे.

नोंदणी कुणालाही करता येते. शुल्क ७० पौंड. धाग्यांचा क्रम आणि संख्या, नमुन्याचं चित्र, रंगांमागचा विचार आणि निवडलेल्या नावाशी तुमचा काय संबंध, एवढं द्यावं लागतं. नमुना आधीच्या टार्टनांहून वेगळा असावा लागतो. विणलेलं कापड द्यायची सक्ती नाही, पण माझं ऐकाल तर आधी वीतभर तुकडा विणून घ्या. संगणकाच्या पडद्यावर भगवा उजेडाने चमकतो, लोकरीत तो लोकरीसारखा दिसतो. तो तुकडा खिडकीशी नेऊन, ढगाळ दिवशी, चार पावलांवरून बघा. भगवा कमी वाटला तर सहाचे आठ करा. हिरवा मात्र वाढवू नका.