फोन की संगणक? पक्षीनोंदींच्या ॲपमधलं काम कुठवर आलंय

नागपूरच्या अंबाझरी, फुटाळा आणि गोरेवाडा या तलावांवरच्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारं माझं वेब ॲप आता रोजच्या वापरात आहे. या खेपेचं काम होतं, आलेला माणूस फोनवरून आलाय का हे ओळखणं. स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलली की भागतं, मग ओळखायचं कशाला, असं कुणीही विचारेल. मांडणीपुरतं ते खरंच आहे, मीडिया क्वेरी, म्हणजे रुंदी बघून मांडणी बदलणारे सीएसएसचे नियम, ते काम चोख करतात. पण इथे माणसं दोन वेगवेगळ्या कामांसाठी येतात. सकाळी अंबाझरीच्या काठावर उभं असताना एका हातात दुर्बीण असते, समोर चक्रवाकांची जोडी असते आणि ऊन थेट स्क्रीनवर येत असतं. तेव्हा पक्ष्याचं नाव, संख्या आणि अंगठ्याखाली ‘नोंदवा’चं मोठं बटण, एवढंच पुरतं. संध्याकाळी संगणकापुढे बसलं की वर्षभराचा तक्ता हवा असतो. तो जड तक्ता तलावाकाठी कुणाच्या फोनवर उतरू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून पहिलं पान कुठलं पाठवायचं हे सर्व्हरने ठरवायचं.

सर्व्हरच्या हाती पहिल्या विनंतीबरोबर येतात ते फक्त हेडर, म्हणजे ब्राउझरने स्वतःबद्दल जोडलेल्या छोट्या ओळी. त्यातला युजर एजंट, म्हणजे ब्राउझर आणि यंत्राची ओळख सांगणारी ओळ, सगळ्यांत जुना. त्यात फोनच्या मॉडेलांच्या लांबलचक याद्या जुळवायची पद्धत आता सोडून द्या. २०२३ पासून अँड्रॉइडवरचा क्रोम मॉडेल सांगतच नाही, फोन कुठलाही असो, ‘अँड्रॉइड १०, के’ एवढंच लिहून येतं. मी फक्त ‘मोबाइल’ हा शब्द शोधतो. अँड्रॉइड फोनवरचे क्रोम आणि फायरफॉक्स, आयफोनवरचा सफारी, सगळ्यांच्या ओळीत तो असतो. क्रोम अँड्रॉइड टॅबलेटवर असेल तर ‘अँड्रॉइड’ येतं, ‘मोबाइल’ येत नाही. मोठ्या स्क्रीनवर तक्ता दिसायला हवाच, त्यामुळे हा फरक माझ्या सोयीचा आहे.

त्याच्याही आधी मी ‘सेक-सीएच-यूए-मोबाइल’ हे हेडर बघतो. त्यात प्रश्नचिन्हापुढे १ असला तर फोन, ० असला तर नाही. इतकं सरळ उत्तर दुसरीकडे कुठे मिळत नाही. क्रोमच्या घराण्यातले ब्राउझर ते न मागता पाठवतात, पण साइट एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) असेल तरच. सफारी आणि फायरफॉक्स ते पाठवत नाहीत, म्हणून युजर एजंट हाताशी ठेवावाच लागतो.

खरी गंमत आयपॅडची. २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून त्यावरचा सफारी स्वतःला मॅकिंटॉश म्हणवतो आणि सर्व्हरला त्यातलं काही कळत नाही. पान उघडल्यावर मात्र ब्राउझरमध्ये ‘मॅक्सटचपॉइंट्स’, म्हणजे एका वेळी किती बोटांचा स्पर्श ओळखता येतो, हे विचारलं की आयपॅड ५ सांगतो आणि मॅक ०. मी पान तक्त्याचंच ठेवलं, फक्त बोटाला पुरतील एवढ्या ओळी उंच केल्या. म्हणजे पान कुठलं हे एक ठरतं आणि स्पर्श आहे का हे वेगळं ठरतं. दोन्ही एकाच खुणेवर टांगू नयेत.

याची उलट बाजू तपासायला सीताबर्डीवरून एक जुना जिओफोन आणला. कायओएस या प्रणालीवर चालणारा हा बटणांचा फोन युजर एजंटमध्ये ‘मोबाइल’ म्हणतो, पण त्याला टच नाही. २४० पिक्सेल रुंदीच्या स्क्रीनवर सगळं बाणांच्या बटणांनी करायचं. म्हणून अर्जातली प्रत्येक जागा आणि ‘नोंदवा’ बटण नुसत्या कळांनी गाठता येतं ना, हे आधी बघितलं. आता येतं.

क्रोममध्ये कुणी ‘डेस्कटॉप साइट’ निवडली की फोन लिनक्सचा संगणक म्हणून येतो आणि ‘सेक-सीएच-यूए-मोबाइल’ हेडरही ० होतं. त्याला मी फोन म्हणून ओळखायच्या मागे लागत नाही, त्या माणसाने स्वतःच तक्ता मागितलाय. याच न्यायाने दोन्ही पानांच्या माथ्यावर दुसऱ्या पानाचा दुवा आहे. तो एकदा दाबला की निवड कुकीत, म्हणजे ब्राउझरने जपलेल्या छोट्या नोंदीत, राहते आणि पुढे सर्व्हर अंदाज करतच नाही. पहिलं पान मी कॅशेतही (पानांच्या प्रती जपणाऱ्या मधल्या साठ्यात) ठेवू देत नाही, नाहीतर एकाला दिलेला तक्ता दुसऱ्याच्या फोनवर जायचा. चित्रं आणि स्क्रिप्ट खुशाल कॅशेत राहोत.

सर्व्हरचा लॉग, म्हणजे आलेल्या विनंत्यांची नोंद, वाचणाऱ्यांसाठी एक खूण: नेक्सस ५एक्स हा जुना फोन वारंवार येताना दिसला तर बहुधा तो पक्षीमित्र नसतो. गूगलबॉट, म्हणजे गूगलच्या शोधासाठी पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, त्या फोनच्या नावाने फिरतो. फोनवाल्यांच्या मोजणीतून मी त्याला वगळलंय, पान मात्र त्याला फोनचंच मिळतं. त्याला तक्त्यापर्यंत पोहोचता यावं म्हणूनही तक्त्याचा दुवा त्या पानावर हवाच.

आता राहिलाय घडीचा फोन. तो मिटलेला असताना नोंद सुरू केली आणि मध्येच उघडला, तर अर्धवट भरलेला अर्ज जागेवर राहतो का, हे बघायचंय. कुणाकडे असा फोन असेल तर फुटाळ्यावर एक सकाळ काढू या.