महदीच्या वारशातून उभा राहिलेला उम्मा पक्ष

सुदानचा उम्मा पक्ष १९४५ साली स्थापन झाला, पण त्याची मुळं १८८१ मध्ये आहेत. त्या वर्षी नाईल नदीतल्या आबा बेटावर मुहम्मद अहमदने स्वतःला महदी, म्हणजे मुस्लिमांच्या श्रद्धेतला शेवटी येणारा उद्धारक, घोषित केलं. १८८५ मध्ये त्याच्या अनुयायांनी, म्हणजे अन्सारांनी, खार्तूम जिंकलं. १८९८ मध्ये ब्रिटिश सेनापती किचनरने खार्तूमसमोरच्या ओम्दुरमानला त्यांचा पराभव केला आणि महदीची कबर उद्ध्वस्त केली.

मग ब्रिटिशांनाच महदीच्या मुलाची गरज का पडली? १९१४ मध्ये तुर्की सुलतानाने ब्रिटिशांविरुद्ध जिहाद पुकारला, तेव्हा अन्सारांना शांत ठेवू शकेल असा माणूस म्हणजे अब्द अल-रहमान. बदल्यात त्याला आबा बेटावर कापूस पिकवायची मुभा मिळाली. अन्सार तिथे राबत, बहुतेकदा अन्न, कपडे आणि आशीर्वाद यांच्या मोबदल्यात. पक्षाचा पैसा आणि संघटना, दोन्ही इथूनच आले. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा धागा हाच.

पक्षाची घोषणा होती ‘सुदान सुदानींचा’. अन्सारांचा प्रतिस्पर्धी असलेल्या खत्मिया या सूफी पंथाचा पाठिंबा मात्र इजिप्तशी एकीकरण मागणाऱ्यांना होता. १९५३ च्या निवडणुकीत ९७ पैकी ५१ जागा त्यांना मिळाल्या, उम्माला २२. अन्सारांबाहेर मतं वळली नाहीत. महदीचा वारस राजा होईल ही भीती आड आली. तरीही १ जानेवारी १९५६ ला सुदान इजिप्तमध्ये विलीन न होता स्वतंत्र झाला.