तुम्ही विचारलंत म्हणून: कोकणात राहून रोबोटिक्सचं संशोधन

रत्नागिरी-मालवणकडच्या मुलाला रोबोटिक्समध्ये संशोधक व्हायचं असेल, तर बारावी झाल्या झाल्या पुण्या-मुंबईला पाठवायला हवं का? पालक हे नेहमी विचारतात. पीएचडीसाठी बहुधा बाहेर पडावं लागेल. त्याआधीची इंजिनिअरिंगची चार वर्षं इथे झाली तरी चालतील. लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ रायगडातच आहे.

मात्र त्या चार वर्षांत एक तरी यंत्र स्वतः मोजून ताब्यात आणलेलं हवं. एन्कोडर (फेरे मोजणारा सेन्सर) लावलेली 12 व्होल्टची डीसी मोटर पुरे. तिला एकदम ठरावीक व्होल्टेज द्या, दर 10 मिलिसेकंदांनी वेग नोंदवा. अंतिम वेगाच्या 63 टक्क्यांपर्यंत पोचायला लागलेला वेळ हा तिचा टाइम कॉन्स्टंट. मोटरला वीज पुरवणारा एल298 ड्रायव्हर मध्येच सुमारे 2 व्होल्ट खातो, म्हणून व्होल्टेज मोटरच्या टोकांवर मोजा.

बहुतेकांचं पहिलं पाऊल चुकतं ते आर्डुइनोवरून (मोटर चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) संगणकाच्या पडद्यावर आकडे छापताना. 9600 बॉडला (बॉड म्हणजे आकडे पाठवण्याचा वेग) सेकंदाला 960 अक्षरं जातात. दर फेरीला 20 अक्षरं छापली की त्यातच 20 मिलिसेकंद जातात, बफर (पाठवायच्या अक्षरांची तात्पुरती जागा) भरला की आर्डुइनो थांबून राहतो आणि 10 मिलिसेकंदांचा ठेका मोडतो. बॉड 115200 ठेवा.

मग पीआयडी, म्हणजे लक्ष्य आणि खरा वेग यांतला फरक बघून व्होल्टेज ठरवणारी कंट्रोलची पद्धत. मोटरवरचा भार वाढून ती अडली की इंटिग्रल, म्हणजे त्या फरकांची बेरीज, साचत जातो, आणि सुटल्यावर वेग लक्ष्याच्या बराच वर उसळतो. आउटपुट कमाल झालं की ती बेरीज थांबवायची.

आपल्याकडे आणखी एक वैरी आहे, खारी हवा. पावसाळ्यात जंपर वायरींच्या पिनांवर हिरवट थर धरतो, एन्कोडरचे पल्स गळतात. कंट्रोलरला वेग कमी दिसतो, तो व्होल्टेज वाढवतो, मोटर खरोखरच जास्त पळते, आणि मुलं रात्रभर कोडमध्ये चूक शोधत बसतात. जोड सोल्डर करा, सर्किट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

इंटेलिजंट कंट्रोल यानंतरच. झादे या संशोधकांनी 1965 साली फझी सेट ('थोडं', 'बरंच' असे ढोबळ गट) मांडले, ममदानींनी 1970 च्या दशकात त्यावर वाफेचं इंजिन चालवून दाखवलं. दोन इनपुट आणि प्रत्येकाचे पाच गट म्हणजे 25 नियम. तिसरं इनपुट आलं की 125. म्हणून पीआयडीने भागत असेल तिथे फझी लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

विषय शोधायलाही लांब जायला नको. हापूस देठासकट उतरवावा लागतो, नाहीतर चीक सालीवर ओघळून डाग पडतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला (आंबे उतरवायचं साधन) माणसाच्या हातात हे काम नीट करतो. यंत्राच्या हाताने ते करायचं, तर फांदी वाऱ्याने हलत असताना देठाचा माग काढणं आणि फळ न दाबता धरणं, असे कंट्रोलचे दोन खरे प्रश्न उभे राहतात.

पैशांचंही विचारता. गेटचा (इंजिनिअरिंगनंतरची प्रवेश परीक्षा) स्कोअर तीन वर्षं चालतो. एमटेकला गेटवर महिना 12,400 रुपये विद्यावेतन, आयआयटीत पीएचडीला पहिली दोन वर्षं 37,000 आणि पुढे 42,000. गाइडला पहिला मेल लिहाल तेव्हा प्रमाणपत्रांच्या आधी आपल्या मोटरचे दोन आलेख जोडा: इंटिग्रल साचून बिघडलेला आणि दुरुस्तीनंतरचा. खाली चार ओळींत कारण लिहा.