मायच्या हृदयातली गाठ

माय डाव्या कुशीवर वळली की धाप लागायची, उठून बसली की जरा बरं वाटायचं. अंगात बारीक ताप, वजनही उतरलेलं. गावात दम्याचं औषध झालं, टीबीची तपासणी झाली. परभणीला टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली तेव्हा कळलं, हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात गाठ आहे. मिक्सोमा.

गाठ म्हणल्यावर घरात रडारडच. पण हृदयातच तयार होणाऱ्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, अन् मोठ्या माणसांत त्यातली मिक्सोमाच जास्त सापडते, बायकांत अधिक. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं : देठाला लटकलेली गाठ ठोक्यागणिक झडपेत उतरायची, पुन्हा वर यायची. रक्ताची वाट अडायची ती तिथं.

मामा म्हणाले, "साधी आहे ना, मग घाई कशाला? काढ्यानं विरघळंल." विरघळत नाही. औषधानं जात नाही. आणि तिचा तुकडा तुटून मेंदूकडं गेला तर लकवा. घाई त्याची होती.

ऑपरेशन छत्रपती संभाजीनगरला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून करायचं ठरलं, पण रेशनकार्डावर मायचं नाव एक अन् आधारवर दुसरं. आरोग्यमित्रानं, म्हणजे योजनेच्या दवाखान्यातल्या मदतनीसानं, कागद समजावून सांगितले, तरी तहसीलचे हेलपाटे चुकले नाहीत. खरं सांगतो, ऑपरेशनपेक्षा त्या खिडकीनं जास्त दमवलं. रक्त द्यायला मात्र गावची पोरं न बोलावता आली.

वय जास्त, हृदयाच्या नसांत अडथळा आहे का बघायला आधी अँजिओग्राफी झाली. मग छातीचं हाड उघडून, हृदय-फुफ्फुसाचं काम तेवढा वेळ करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर ठेवून, गाठ मुळासकट काढली. मूळ दोन कप्प्यांमधल्या पडद्यात होतं, म्हणून तेवढा पडदाही कापला अन् हृदयावरच्या आवरणाचा तुकडा लावून भोक बुजवलं. सर्जननं बरणी दाखवली : लिबलिबीत, करडी-लाल, लिंबाएवढी. हिच्यापायी एवढं!

बाहेर बाकावर एक जोडपं बसायचं. त्यांच्या तान्ह्या लेकराच्या हृदयातही गाठी होत्या, पण दुसऱ्या जातीच्या, रॅब्डोमायोमा. त्या बहुतेकदा वयाबरोबर आपोआप आकसतात, म्हणून डॉक्टर नुसतं लक्ष ठेवून होते.

बायोप्सीत कॅन्सर नाही असंच आलं. गाठ परत येणं क्वचितच, तरी दरवर्षी इको करायचा आहे. हाड जुळेपर्यंत वजन उचलायचं नाही, यावरून मात्र माय अन् माझं रोज भांडण. काल पाण्याची कळशी मी हातातून काढून घेतली तर म्हणते, "अर्धीच तर भरली होती."