वादळं थांबली तर शाळूचं काय?

"अक्का, आता वादळंच बंद करणार हायत म्हणं!"

धाकट्या भावाचा फोन. मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ आला होता: विमानांनी आभाळात गंधक सोडायचं, थोडं ऊन आल्या वाटेनं परत धाडायचं, समुद्र गार ठेवायचा. मी सोलापुरात भूगोल शिकवते, त्यामुळे असलं काही दिसलं की जाब मलाच.

मुळात ते खोटं नाही. 1991 मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, दीड कोटी टनांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड उंच गेला आणि पुढच्या वर्षभरात पृथ्वी साधारण अर्ध्या अंशानं निवली. तेच मुद्दाम करायचं, ही कल्पना. चक्रीवादळाला 26-27 अंशांच्या वरचं पाणी लागतं. पाणी निवलं की त्याचा जोर उतरतो. एवढं ऐकून भाऊ खूश. त्याच्या डोक्यातून 2020 अजून गेलेलं नाही.

त्या वर्षी 13 ऑक्टोबरला बंगालच्या उपसागरातला कमी दाब आंध्रातल्या काकीनाड्याजवळ जमिनीवर आला. काकीनाडा कुठं, आमचं मंगळवेढा कुठं! दुसऱ्या दिवशी, बुधवारी, तो आमच्या डोक्यावर. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा माणसं गेली. आमच्या रानाचा बांध फुटला, तूर पाण्यात उभी राहून पिवळी पडली आणि काळ्या रानाला वापसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, यायला महिना गेला. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरला तो दिवाळीत. आई तेव्हा म्हणाली होती, "हत्ती पडला नाही म्हणून रडायचं, पडला म्हणूनबी रडायचं." हत्ती म्हणजे हस्ताचा पाऊस.

पण शाळू येतो कशावर? हस्त-चित्राच्या पावसावर. त्यातला बराचसा उपसागरातून सरकत येणारे असलेच कमी दाब आणतात. किनाऱ्याला ज्यानं घरं पाडली, त्याचंच उरलंसुरलं पाणी आमच्या काळ्या मातीत मुरतं आणि मालदांडी ज्वारी त्या ओलीवर निघते. वादळ नको म्हणताना ते पाणीही नको म्हणायचं का? भाऊ गप्प.

मग त्याला 2017 चा एक्सेटर विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांचा अभ्यास सांगितला. कॉम्प्युटरवर त्यांनी फक्त उत्तर गोलार्धात असे कण सोडून पाहिले. अटलांटिकमधली वादळं घटली, पण पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकला आणि आफ्रिकेतला साहेल कोरडा पडला. फक्त दक्षिणेत सोडले तर उलटं, अटलांटिकमधली वादळं वाढली. म्हणजे अमेरिकेच्या किनाऱ्याला आराम, आणि चटका तिकडच्या बाजरीवाल्याला.

आणि असं काही घडलं, तर ते फवारणीमुळंच घडलं हे सिद्ध कोण करणार? आपल्याच सोलापूरवर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं 2018 आणि 2019 मध्ये पाऊस वाढतो का ते बघायला ढगांत कॅल्शियम क्लोराइड सोडलं. तब्बल 276 ढग तपासले, तेव्हा कुठं 100 चौरस किलोमीटरमध्ये सरासरी 18 टक्के जादा पाऊस झाला असं म्हणता आलं. (त्या वर्षांत विमान दिसलं की आमच्या गल्लीत लोक धुणं काढायचे. पाऊस मात्र शेजारच्या तालुक्यात.) 1947 मध्ये अमेरिकेनं एका चक्रीवादळात कोरडा बर्फ टाकला, तारीख योगायोगानं 13 ऑक्टोबरच. वादळ वळलं आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावर आदळलं. ते आधीच वळायला लागलं होतं, असं पुढं मानलं गेलं. पण ज्यांची घरं गेली ते हे कशाला ऐकतील? इथं तर सगळ्या समुद्रांचा हिशेब.

माझं मत विचाराल तर अभ्यास जरूर करावा, फवारणी नको. भावाला हे शाळेतलं उत्तर वाटलं.

"ते राहू दे," तो म्हणाला, "औंदा वापसा कधी येईल तेवढं सांग."

ते कुठल्याच पुस्तकात नाही. रविवारी गावी जाते, मुठीत माती दाबून बघू.