आईच्या आठवणीतला कचरा आणि मिठीकाठचं जंगल

आईचं बालपण शीवला गेलं, त्यामुळे बुधवारी सुट्टी टाकून महाराष्ट्र निसर्ग उद्यानात जाऊया असं मी म्हटलं आणि ते कुठे, तर धारावी डेपोच्या समोर, हे ऐकल्यावर ती पहिलं काय म्हणाली तर, "अगं तिथे कचरा टाकायचे, तिथे काय बघायचंय?"

खरंच टाकायचे. १९७७ पर्यंत तिथे मुंबईचं डम्पिंग ग्राउंड होतं. आईला त्या वासासकट सगळं आठवतं, वारा खाडीकडून आला की खिडक्या लावून घ्यायच्या, वर घारी गोल गोल फिरत असायच्या. लग्न होऊन डोंबिवलीला आली ती आली, परत त्या बाजूला पाय वळलाच नाही. म्हणून मुद्दाम तिलाच घेऊन गेले.

शीव स्टेशनला वेस्टला उतरून चालत निघालो. वाटेत आईने काळा किल्ला दाखवला, वस्तीत पार दडून गेलाय, पण भिंतीवर १७३७ साल कोरलेला दगड आहे. शीव म्हणजे वेसच ना, इकडे मुंबई बेट संपायचं आणि मिठी नदीच्या पलीकडे साष्टी बेट सुरू व्हायचं, म्हणून खाडीवर नजर ठेवायला हे किल्ले. ही माहिती मला आजवर आईने का सांगितली नव्हती देव जाणे, म्हणे तू कधी विचारलंस?

बाहेर लिंक रोडला ट्रक, बस, हॉर्न, उन्हाने डोकं तापलेलं. गेटवर थोड्याशा पैशांचं तिकीट काढलं आणि आत पन्नास पावलं गेलो असू तर हवाच बदलली. आई थांबली आणि वर बघत राहिली. झाडं इतकी दाट आहेत की आभाळ तुकड्यातुकड्यात दिसतं. सुमारे ३७ एकर आहे हे, आणि सगळं माणसांनी लावलेलं, कचऱ्याच्या ढिगावर माती टाकून. पहिलं झाड १९८३ मध्ये खुद्द सालीम अलींनी लावलं, पक्ष्यांचे सालीम अली, आणि लोकांसाठी उद्यान उघडलं ते २२ एप्रिल १९९४ ला, वसुंधरा दिनाला. मधली अकरा वर्षं मला सगळ्यात भारी वाटतात, कारण कचऱ्यावर जंगल उभं राहीपर्यंत कोणीतरी रोज पाणी घालत, मेलेली रोपं बदलत राहिलं असणार ना.

आत लॉन, कारंजी असलं काही शोधू नका. पाचोळा पडतो तिथेच कुजू देतात, त्याचीच माती होते, त्या मातीत किडे, किड्यांवर पक्षी. आईने खाली वाकून मूठभर माती उचलली आणि वास घेतला. काही बोलली नाही, पण मी बघत होते.

तेवढ्यात शाळेची एक ट्रिप आली, चाळीसेक पोरं, दोन-दोनच्या रांगेत हात धरून. एका पोराला झाडांच्या मधोमध कोळ्याचं भलंमोठं जाळं दिसलं आणि सगळी रांगच मोडली. बाई ओरडल्या नाहीत, त्या पण बघायला आल्या. पुढे कढीपत्त्यापाशी काळी फुलपाखरं घुटमळत होती, ती याच पानांवर अंडी घालतात असं बाईंनी सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "आमच्याकडे डब्यात कढीपत्ता लावलाय, तिकडे पण येतील?" येतील गं, नक्की येतील. धारावीत दोन घरांच्या मधून माणूस कसाबसा जातो, तिथल्या पोरांना चालत येता येईल असं जंगल आहे हे, माझ्यासाठी या जागेची खरी किंमत ही आहे. शाळांनी वर्षातून एकदा नाही, दर ऋतूला आणायला हवं पोरांना.

मग मागच्या बाजूला खाडीकडे गेलो. इथे मिठी. विहार आणि पवई तलावांचं ओव्हरफ्लोचं पाणी घेऊन निघते, सुमारे अठरा किलोमीटर येऊन माहीमच्या खाडीत मिळते. आपण लोकलमधून हिला नाकाला रुमाल लावून ओलांडतो, नदी म्हणून नीट बघतच नाही. काठाला तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं उभी, चिखलातून त्यांची श्वास घेणारी मुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली, त्यात एक बगळा अगदी स्तब्ध. आणि पलीकडच्या तीरावर बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या बिल्डिंगा, अक्षरशः समोर.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, वर भरती, त्यात मिठीचं पात्र ठिकठिकाणी भराव घालून आवळलेलं, मग पाणी लोकांच्या घरात शिरलं. मी त्या दिवशी कमरेइतक्या पाण्यातून चालत आलेय. म्हणून कोणी तिवरं तोडून जागा "मोकळी" करायची भाषा केली की माझं डोकं फिरतं, अरे ती जागा रिकामी नाहीये, पाण्याची आहे!

आम्ही तिथे तासभर उभ्या होतो. भरती लागली तसं पाणी उलटं वाहायला लागलं, समुद्राकडून आत, आणि त्याबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल, एक चप्पल, सगळं परत वर. तिवरांच्या मुळांत अडकत गेलं. आई बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "जमिनीवरचा कचरा झाकला गं, हा अजून येतोच आहे."

निघताना आईने दोन-तीन झाडांचे बुंधे हाताने चाचपून बघितले. पुढच्या वेळी ओहोटीची वेळ बघून जायचं ठरलंय, चिखल उघडा पडला की पक्षी उतरतात म्हणून. त्यावेळी मावशीला पण न्यायचंय, तीही आईच्याच शीवच्या चाळीतली.