डाळिंबाची साल : ताजी आणि वर्षभर जुनी

औषधी झाडांतली द्रव्यं घरी तपासून बघायच्या या नोंदींत मागे पपईची पानं झाली. या खेपेला डाळिंब.

सांगलीच्या आटपाडी तालुक्यात, डाळिंबाच्या बागांत राहून इतकी वर्षं डाळिंबाच्या मुळाला हात लावला नव्हता. मुळाची साल हवी तर झाड उपटावं लागतं आणि उभं झाड उपटायला कुणाचं मन धजणार? पंधरा दिवसांपूर्वी शेजारच्या आबांनी मर रोग लागलेल्या भगवा जातीच्या डाळिंबाच्या दोन ओळी काढल्या. पोरागत वाढवलेली झाडं बांधावर आडवी पडलेली बघून ते गप्प बसून होते. मी मुळी मागितली तर म्हणाले, "ने की. पण आजच सोल. आमचा म्हातारा सांगायचा, जंताला साल ताजीच लागती, वाळल्याली काय कामाची न्हाई."

ओळीच्या टोकाची दोन झाडं खोडात आडवी कापून पाहिली. मरीचा करडा-तपकिरी डाग नव्हता, म्हणून त्यांचीच मुळं घेतली. साल आतून पिवळीधमक निघते. ओल्या सालीचा तुकडा कागदावर घासला की पिवळा पट्टा उमटतो आणि त्यावर हिराकशीच्या (लोहाच्या क्षाराच्या) पाण्याचा थेंब सोडला की तो निळा-काळा होतो. हे टॅनिनचं, म्हणजे सालीतल्या तुरट द्रव्याचं काम. दहा मिनिटांत माझ्या चाकूचं पातंही काळं पडलं.

पण मला टॅनिन नको होतं, त्याच्या आड असलेली अल्कलॉइडं (वनस्पतीतली नायट्रोजनयुक्त, जहाल द्रव्यं) हवी होती, जंतांवर काम करतात ती हीच. शार्ल तांरे या फ्रेंच रसायनज्ञानं १८७८ मध्ये ती या सालीतून वेगळी केली आणि क्विनीन शोधणाऱ्या पेलतिए यांच्या नावावरून पेलेटिएरीन असं नाव दिलं. युरोपातल्या वैद्यांचं या सालीकडे पुन्हा लक्ष वेधलं ते मात्र आपल्याकडच्या वापरामुळे. फ्रान्सिस ब्युकॅनननं १८०७ साली लिहिलं की हिंदुस्थानात पट्टकृमीवर (आतड्यातल्या लांब, चपट्या जंतावर) मुळाची साल देतात. आबांच्या म्हाताऱ्याचं बोलणं त्याच परंपरेतलं.

पहिला प्रयोग फसला. सालीची पूड खायच्या चुन्याबरोबर रात्रभर भिजवली, म्हणजे बरंचसं टॅनिन खाली बसतं आणि अल्कलॉइड मोकळं होतं. सकाळी गाळून त्यात थेट वॅग्नरचं द्रावण टाकलं, अल्कलॉइड असलं की ते विटकरी गाळ पाडतं (२ ग्रॅम आयोडीन, ६ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, १०० मिली पाणी). तपकिरी रंगच गायब! अर्धा दिवस डोकं खाजवल्यावर उमगलं, चुन्याच्या अल्कधर्मी पाण्यात आयोडीन टिकत नाही. दुसऱ्या वेळी गाळलेल्या पाण्यात लिटमस लाल होईपर्यंत व्हिनेगर घातलं. लिंबूसत्त्व वापरू नका. चुन्याशी त्याचा पांढरा साका बसतो आणि फसगत होते.

प्रत्येकी ५ ग्रॅम पूड, ५० मिली पाणी, द्रावणाचे ५ थेंब. ताज्या मुळाच्या सालीत थेंब पडताच विटकरी गढूळपणा आला, पाच मिनिटांत तळाला गाळ. ताज्या खोडाच्या सालीत तोच, पण पातळ. गेल्या वर्षीच्या छाटणीतली खोडाची साल मी डब्यात ठेवली होती, तिच्यात उजेडाला धरल्यावर जेमतेम धूसरपणा दिसला. फळाच्या टरफलात काहीच नाही. त्याचा तुरटपणा सगळा टॅनिनचा, म्हणून ते जुलाबावर देतात. पेलेटिएरीन तेलासारखं, उडून जाणारं असतं. जुन्या सालीचा गुण का उतरतो, हे त्या चार नळ्यांकडे बघताना पटलं. ही चाचणी अल्कलॉइड आहे एवढंच सांगते, किती आणि कोणतं ते नाही. शिवाय जुनी साल मुळाची नव्हती, त्यामुळे खरी तुलना खोडाशी खोडाचीच.

एक गोष्ट मनापासून सांगतो. हा काढा कुणी घरी करून पिऊ नये. मात्रा थोडी चुकली तरी चक्कर, उलट्या होतात, नजर अंधुक होते. पूर्वीच्या औषधांतही शुद्ध पेलेटिएरीनपेक्षा त्याचं टॅनेट (टॅनिनशी जोडलेलं रूप) देत, कारण ते आतड्यात कमी शोषलं जातं आणि जंतापाशी जास्त वेळ राहतं. आज जंतांवर डॉक्टरांची गोळी आहे, तीच घ्यावी.

उरलेल्या मुळांच्या सालीचे बारा पुडे करून तारीख टाकून ठेवलेत. दर महिन्याला एक उघडणार. निम्मे सावलीत कागदात, निम्मे हवाबंद बाटलीत. पुढच्या महिन्यात सीताफळाची पानंही घेईन. बियांनी उवा मरतात खऱ्या, पण तो गुण अल्कलॉइडाचा नाही, अ‍ॅसिटोजेनिन नावाच्या वेगळ्याच द्रव्यांचा, आणि बियांची पूड डोळ्यात गेली तर भयंकर इजा होते. म्हणून बियांना मी हात लावणार नाही.